पोटॅशिअम चॅनल अडवले की स्रवण वाढतं – पण कुठला चॅनल, आणि नेहमीच का?

अक्षतंतू
"पोटॅशिअम चॅनल अडवा, न्यूरोट्रान्समीटर जास्त सुटेल" हे वाक्य सगळीकडे सापडतं (न्यूरोट्रान्समीटर म्हणजे एका चेतापेशीने दुसरीला निरोप द्यायला सोडलेलं रसायन; ते सुटणं म्हणजे स्रवण). खोटं नाही. पण चॅनल कुठला, अ‍ॅक्सॉनवर (चेतापेशीच्या लांब तंतूवर) कुठे बसलेला आणि स्पाइकच्या (त्यावरून धावणाऱ्या विद्युत-ठोक्याच्या) कोणत्या क्षणी उघडणारा, हे सांगितल्याशिवाय त्यातून हाती काही लागत नाही. म्हणून वेगळा धागा काढतोय.

मूळ यंत्रणा आधी. स्पाइक तंतूच्या टोकाशी, जिथून रसायन सुटतं तिथे, पोचतो, सोडिअम चॅनल उघडतात, व्होल्टेज उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपासहून शून्याच्या वर चढतं. कॅल्शिअम चॅनल, म्हणजे मेंदूत मुख्यतः पी/क्यू आणि एन प्रकारचे, या चढावर उघडायला लागतात. मात्र ते सोडिअमपेक्षा मंद आहेत, शिवाय शिखरावर कॅल्शिअमला आत ढकलणारा जोर कमी असतो. व्होल्टेज उतरू लागलं की चॅनल अजून उघडे आणि जोर मात्र वाढलेला, अशी स्थिती येते. त्यामुळे कॅल्शिअमचा मोठा लोंढा स्पाइकच्या उतारावर येतो. हा उतार किती खडा, हे ठरवतात पोटॅशिअम चॅनल. व्हेसिकलला, म्हणजे रसायनाने भरलेल्या पिशवीला, ते हातही लावत नाहीत. कॅल्शिअमचं दार किती वेळ उघडं राहणार एवढंच त्यांच्या हातात.

हा वेळ किती छोटा आहे ते बघा. श्रवणमार्गातल्या कॅलिक्स ऑफ हेल्ड या महाकाय टोकात, शरीराच्या तापमानाला, स्पाइकची अर्ध्या उंचीवरची रुंदी पाव मिलिसेकंदाच्या आसपास असते. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस भागाच्या मॉसी फायबर या तंतूंच्या टोकातही ती अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा कमी. इथे काही दशांश मिलिसेकंद इकडेतिकडे झाले तरी फरक पडतो, कारण स्रवण आणि कॅल्शिअम यांचं नातं सरळ रेषेचं नाही. डॉज आणि रहामिमॉफ यांनी १९६७ मध्ये बेडकाच्या चेता-स्नायू जोडणीवर दाखवलं की स्रवण कॅल्शिअमच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. आकडे मांडा: कॅल्शिअम १० टक्के वाढलं तर १.१ चा चौथा घात १.४६. २० टक्के वाढलं तर २.०७, म्हणजे दुपटीच्या वर. २० टक्के घटलं तर ०.४१.

त्याच सुमारास कॅट्झ आणि मिलेदी यांनी स्क्विडच्या महासिनॅप्सवर (सिनॅप्स म्हणजे दोन चेतापेशींची जोडणी) टेट्रोडोटॉक्सिनने सोडिअम चॅनल बंद केले, टोकाच्या आत टीईए (टेट्राइथिलअमोनिअम) भरून पोटॅशिअमची वाट अडवली आणि बाहेरून विद्युतप्रवाह देऊन टोकाचं व्होल्टेज हवं तिथे नेलं. स्पाइक नसतानाही स्रवण झालं. व्होल्टेज फारच वर नेलं, तर ते धरून ठेवलेलं असेपर्यंत स्रवण दबलेलं राहिलं आणि सोडून दिल्यावर झालं. उतारावर लोंढा येतो म्हणजे काय, हे याहून स्वच्छपणे दाखवणारा प्रयोग शोधून सापडायचा नाही.

उणे सत्तर
+१. शीर्षकातलं "नेहमीच का" महत्त्वाचं आहे. केव्ही७ हा पोटॅशिअम चॅनल अडवल्यावर काही परिस्थितीत स्रवण कमी होतं, त्यावर सावकाश लिहितो. आधी कोणता चॅनल कुठे बसतो ते कुणीतरी मांडा.

पॅचपिपेट
मांडतो. सगळी कुटुंबं नाहीत, टोकाशी संबंध येतो तेवढीच.

केव्ही१ (१.१, १.२, काही ठिकाणी १.४). कमी व्होल्टेजला, उंबरठ्याच्या आसपासच उघडतात. मायलिन (तंतूवरचं वेष्टन) असलेल्या अ‍ॅक्सॉनवर नोडच्या (वेष्टनातल्या खाचेच्या) बाजूच्या पट्ट्यात मायलिनखाली दडलेले असतात, अ‍ॅक्सॉनच्या सुरुवातीच्या भागात असतात, आणि कॅलिक्समध्ये तर ऐन टोकावर नसून अ‍ॅक्सॉन जिथे टोकात रूपांतरित होतो त्या सांध्यावर असतात. तिथे त्यांचं मुख्य काम रुंदी कापणं नाही. एका स्पाइकमागे दुसरा आगंतुक स्पाइक उठू नये ही राखण ते करतात. सेरेबेलमच्या (लहान मेंदूच्या) बास्केट पेशींच्या टोकांवर मात्र १.१ आणि १.२ यांची दाटी आहे आणि तिथे स्रवणाशी थेट संबंध येतो.

केव्ही३ (३.१, ३.३, ३.४). उंच व्होल्टेजला उघडतात. उणे १०-२० मिलिव्होल्टच्या खाली जवळजवळ बंदच. उघडायला वेगवान, बंद व्हायला त्याहून वेगवान. म्हणून फक्त स्पाइकचा माथा आणि उतार कापतात, पुढच्या स्पाइकच्या आड येत नाहीत. सेकंदाला शेकडो स्पाइक काढणाऱ्या पेशींना हेच हवं असतं.

बीके. व्होल्टेज आणि कॅल्शिअम दोन्ही लागतात. एकेका चॅनलची वाहकता २०० ते ३०० पिकोसिमेन्स, म्हणजे पोटॅशिअम चॅनलांत राक्षसी. उघडण्यापुरतं कॅल्शिअम, दहा मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त, फक्त कॅल्शिअम चॅनलच्या अगदी तोंडाशी मिळतं. म्हणून ते कॅल्शिअम चॅनलला खेटून बसलेले असतात.

केव्ही७, म्हणजे एम-प्रवाहवाले. मंद, निष्क्रिय न होणारे. ७.२ आणि ७.३ अ‍ॅक्सॉनच्या सुरुवातीला आणि नोडवर. कॅलिक्समध्ये बहुधा ७.५ आहे, आणि तो विश्रांतीच्या व्होल्टेजच्या थोडा खालीच उघडू लागतो, म्हणून टोकाचं विश्रांतीचं व्होल्टेजच त्याच्या ताब्यात आहे.

मॉसी फायबर हे वेगळं प्रकरण. गायगर आणि योनास यांनी २००० साली त्या टोकावर थेट पॅच (विद्युत नोंद घेणारी बारीक काचनळी) लावून दाखवलं की एकामागून एक स्पाइक आले की ते रुंद होत जातात. कारण तिथले पोटॅशिअम चॅनल झपाट्याने निष्क्रिय होतात आणि सावरायला सेकंद लागतात. म्हणजे चॅनल कुणी औषधाने अडवले नाहीत, पेशीने स्वतःच वापरून थकवले, आणि प्रत्येक स्पाइकमागे येणारं कॅल्शिअम वाढत गेलं.

चौथा घात
माझं नाव या धाग्यात फुकट आलेलं आहे, तेव्हा एक दुरुस्ती. चौथा घात हा वक्राच्या खालच्या भागाचा नियम आहे. कॅल्शिअम आधीच भरपूर असेल आणि स्रवणाची संभाव्यता ०.८ असेल, तर रुंदी दुप्पट केली तरी १ च्या वर कुठे जाणार? २ किंवा २.५ मिलिमोलर कॅल्शिअमवर प्रयोग करून "केव्ही३चा परिणाम किरकोळ" असा निष्कर्ष काढणारे बहुतेक वेळा छताला डोकं टेकवून उंची मोजत असतात. मेंदूतल्या द्रवात कॅल्शिअम १.२-१.३ मिलिमोलरच्या घरात असतं.

दुसरं, केव्ही३ अडवल्यावर पहिला प्रतिसाद वाढतो, पण १०० किंवा २०० हर्ट्झची माळ दिली तर पाचव्या-दहाव्या स्पाइकपाशी प्रतिसाद पूर्वीपेक्षाही खाली गेलेला दिसू शकतो. सोडायला तयार व्हेसिकल मोजक्या असतात, आणि त्या पहिल्या दोन-तीन स्पाइकमध्येच उधळल्या जातात. म्हणून "स्रवण वाढलं" लिहिताना कितव्या स्पाइकचं ते लिहा. अरुंद स्पाइकमुळे दर वेळी कमी सुटतं, पण माळ टिकते. श्रवणमार्गाला ते टिकणंच हवं आहे.

संगणकावर मॉडेल करणाऱ्यांसाठी: पायरी ०.०२५ मिलिसेकंदाची ठेवली तर पाव मिलिसेकंदाच्या स्पाइकला जेमतेम दहा ठिपके मिळतात. ०.००५ किंवा त्याहून बारीक घ्या. आणि २२ अंशांवर मोजलेले गतिस्थिरांक ३५ अंशांसाठी तसेच वापरू नका. दर दहा अंशांना वेग तिप्पट धरला तर १३ अंशांना तो चौपटीच्या थोडा वर होतो. खोलीच्या तापमानाला स्पाइक मुळातच फुगलेला असतो, कॅल्शिअम चॅनल पुरते उघडून बसतात, आणि कोणत्या पोटॅशिअम चॅनलचा वाटा किती याचं चित्र बदलतं. स्लाइसवाल्यांनाही (मेंदूच्या पातळ कापांवर काम करणाऱ्यांनाही) हे लागू.

निवांत आयन
उत्तम चर्चा, वाचनखूण साठवली. एक थेट प्रश्न. हिप्पोकॅम्पसच्या स्लाइसमध्ये शाफर कोलॅटरल (सीए३ भागातून सीए१ भागाकडे जाणारे तंतू) उत्तेजित करून सीए१ मध्ये नोंद घेतली. ५० मायक्रोमोलर ४-एपी (४-अमिनोपिरिडिन, पोटॅशिअम चॅनल अडवणारं) दिल्यावर ईपीएससी (पलीकडच्या पेशीत उमटणारा प्रवाह) वाढला आणि ५० मिलिसेकंदांच्या अंतरावरचा पेअर्ड पल्स रेशो (दुसऱ्या प्रतिसादाचं पहिल्याशी प्रमाण) घटला. एवढ्यावर "प्रीसिनॅप्टिक (सोडणाऱ्या टोकावरचा) केव्ही१" असं लिहिता येईल का?

पॅचपिपेट
"प्रीसिनॅप्टिक" बहुधा हो. "केव्ही१" नाही. कारणं विस्ताराने देतो, हा गोंधळ फार होतो.

एक, ४-एपीची निवड. पेशीसंवर्धनात एकेकटे व्यक्त केलेले चॅनल बघितले तर केव्ही३.१ निम्मा अडायला ३० मायक्रोमोलरच्या आसपास पुरतात, तर केव्ही१.१ आणि १.२ ला काहीशे लागतात. म्हणजे "कमी मात्रेचं ४-एपी म्हणजे केव्ही१" हे समीकरण उलटंच पडतं. न्यूरॉनमधला डी-प्रवाह (केव्ही१चा) कमी मात्रेला अडतो हे खरं, पण त्याच मात्रेला केव्ही३ही अडत असतो. केव्ही१ म्हणायचं असेल तर अल्फा-डेन्ड्रोटॉक्सिन १०० नॅनोमोलर वापरा. ते १.१, १.२ आणि १.६ अडवतं. फक्त १.१ हवा असेल तर डेन्ड्रोटॉक्सिन-के. दोन्ही मांबा सापांच्या विषातले. ही पेप्टाइडं प्लॅस्टिकच्या नळीला चिकटतात. द्रवात मिलिलीटरला ०.१ मिलिग्रॅम बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घातलं नाही तर मात्रेतला बराच भाग नळीतच अडकतो आणि "परिणाम नाही" असा निकाल हाती येतो. तेच अल्ब्युमिन कंट्रोलच्या द्रवातही घाला.

दोन, टीईए. १ मिलिमोलर टीईए म्हणजे केव्ही३, असं सरसकट लिहितात. त्याच मात्रेला बीके अडतो, केव्ही१.१ बऱ्यापैकी अडतो आणि केव्ही७.२ सुद्धा. केव्ही१.२ मात्र ढिम्म हलत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी डेन्ड्रोटॉक्सिन, ते चालू असतानाच बीकेसाठी आयबेरिओटॉक्सिन १०० नॅनोमोलर किंवा पॅक्सिलिन, आणि शेवटी टीईए. त्यानंतर जो फरक उरेल तो केव्ही३चा म्हणायला जरा आधार राहतो. टीईए १० मिलिमोलरच्या वर न्यायचं असेल तर तेवढंच सोडिअम क्लोराइड कमी करा, नाहीतर ऑस्मोलॅरिटी चढते. चेता-स्नायू जोडणीवर काम असेल तर टीईए स्नायूवरच्या निकोटिनिक रिसेप्टरलाही दाबतो, हे धरून चला.

तीन, तंतू किती उठले. ४-एपीने अ‍ॅक्सॉनची उत्तेजनक्षमता बदलते, त्याच विद्युतधक्क्याला जास्त तंतू उठू शकतात. मग ईपीएससी वाढला तो टोकामुळे की तंतूंच्या संख्येमुळे? फायबर व्हॉली, म्हणजे उठलेल्या तंतूंचा एकत्रित संकेत, मोजलीच पाहिजे. प्रयोगाच्या शेवटी एनबीक्यूएक्स १० मायक्रोमोलर देऊन सिनॅप्टिक भाग पुसा, उरलेली व्हॉली वजा करा. व्हॉली रुंद होणं हा खरा परिणाम आहे, उंच होणं हा बहुधा तंतू वाढल्याचा.

चार, जाळं पेटणं. ४-एपी हे झटके आणणारं रसायन आहे. पिक्रोटॉक्सिन (जीएबीए या दाबणाऱ्या रसायनाचे रिसेप्टर अडवणारं) १०० मायक्रोमोलर आधीच द्रवात असेल तर सीए३ मध्ये सामूहिक स्फोट सुरू होतात आणि ते शाफर तंतूंवरून तुमच्या नोंदीत येतात. सीए३ आणि सीए१ मध्ये काप द्या. डी-एपी५ ५० मायक्रोमोलर घाला, नाहीतर मधल्या स्फोटांनी एलटीपी (जोडणी दीर्घकाळ बळकट होणं) होऊन बसतं आणि धुतल्यावरही प्रतिसाद खाली येत नाही. सीजीपी५५८४५ घालून जीएबीए-बी रिसेप्टर बंद ठेवलेले बरे, कारण सुटलेला जास्तीचा जीएबीए टोकांवर परतून कॅल्शिअम चॅनल दाबतो आणि परिणाम झाकतो.

पाच, वेळ. ४-एपी पटल ओलांडून आतून अडवतं, आणि बऱ्याच केव्ही चॅनलांत त्यासाठी चॅनल उघडावा लागतो. दहा-पंधरा मिनिटं द्या आणि त्या काळात दर १५-२० सेकंदांनी उत्तेजन चालू ठेवा. उत्तेजन बंद ठेवून वाट बघितली तर अडथळा अर्धवट बसतो. ४-एपी आम्लारिधर्मी आहे. घट्ट स्टॉक करत असाल तर पीएच ७.४ ला आणा. बायकार्बोनेटच्या द्रवात ५० मायक्रोमोलरने फरक पडत नाही, ५ मिलिमोलरने पडतो. आणि पावडर तोलताना हातमोजे आणि मास्क, ती खरोखर विषारी आहे.

सहा, सगळ्यात स्वस्त कंट्रोल. टेट्रोडोटॉक्सिन ०.५ ते १ मायक्रोमोलर देऊन स्पाइक बंद करा आणि मिनी ईपीएससी (स्पाइकविना सुटलेल्या एकेका व्हेसिकलचे प्रतिसाद) बघा. ४-एपीने मिनींची वारंवारता फारशी हलली नाही, तर परिणाम स्पाइकमार्गे होता. मिनींची उंची बदलली, तर पलीकडच्या पेशीवर काही तरी झालंय, प्रीसिनॅप्टिक म्हणण्याची घाई नको.

राहिलं एक. ४-एपी उच्च-व्होल्टेज कॅल्शिअम चॅनलला थेट चालना देतं असाही पुरावा आहे, मुख्यतः मिलिमोलर मात्रांना. म्हणून ५० ला जे दिसतं ते ५ मिलिमोलरच्या जुन्या कामांशी ताडून बघू नका.

निवांत आयन
मनापासून धन्यवाद. बीकेबद्दल अजून एक. आयबेरिओटॉक्सिन एकटं दिलं तर शाफर-सीए१ वर काहीच होत नाही. विष खराब असेल का?

उणे सत्तर
विष खराब असू शकतं, पण नसलं तरी हेच दिसतं. ओस्लोच्या गटाने २००१ मध्ये नेमकं हे दाखवलं. बीके टोकावर आहेत, पण नेहमीच्या स्पाइकमध्ये केव्हींनी काम आधीच उरकलेलं असतं, बीकेची पाळी येतच नाही. आधी ४-एपीने स्पाइक रुंद करा, मग आयबेरिओटॉक्सिन द्या, आता स्रवण आणखी चढेल. नेहमीचा ब्रेक निकामी झाल्यावर लागणारा आणीबाणीचा ब्रेक. विष तपासायचं असेल तर पिरॅमिडल पेशीच्या सोमावर (मुख्य देहावर) स्पाइकची रुंदी बघा. बीके तिथे उताराला हातभार लावतो, त्यामुळे रुंदी वाढायला हवी. नाही वाढली तर बाटली फेका.

बेडकाच्या चेता-स्नायू जोडणीवर मात्र रॉबिताय आणि चार्लटन यांनी १९९२ मध्ये बीके अडवून थेट स्रवण वाढलेलं दाखवलं. म्हणून एका सिनॅप्सचा निकाल दुसऱ्यावर लादू नये.

आता केव्ही७. तो अडवला की विश्रांतीचं व्होल्टेज काही मिलिव्होल्ट वर सरकतं. यातून दोन विरुद्ध गोष्टी होतात. विश्रांतीचं कॅल्शिअम किंचित वाढतं, त्याने पुढच्या स्पाइकचं स्रवण वाढू शकतं. पण सोडिअम चॅनलांचा काही भाग निष्क्रिय होऊन बसतो, स्पाइक बुटका होतो, कॅल्शिअम चॅनल कमी उघडतात, स्रवण घटतं. कोणतं पारडं जड होईल ते टोक आधीच किती डिपोलराइज्ड (व्होल्टेज वर सरकलेलं) आहे त्यावर ठरतं. बाहेरचं पोटॅशिअम वाढवून ठेवलेल्या स्लाइसमध्ये एक्सई९९१ (केव्ही७ अडवणारं) दिल्यावर दुसरी बाजू जिंकताना दिसते. म्हणून "पोटॅशिअम चॅनल अडवला = स्रवण वाढलं" हे रुंदी कापणाऱ्या चॅनलांना लागू, विश्रांती सांभाळणाऱ्यांना नाही.

तिसरी तऱ्हा अ‍ॅक्सॉनच्या सुरुवातीच्या केव्ही१ची. सोमा काही सेकंद उंबरठ्याखाली डिपोलराइज्ड राहिला की हे केव्ही१ हळूहळू निष्क्रिय होतात आणि नंतर निघालेला स्पाइक रुंद होऊनच अ‍ॅक्सॉनवर चालू लागतो. २००६-०७ मध्ये कॉर्टेक्सच्या पाचव्या थरात हे दाखवलं गेलं. सोमाचं व्होल्टेज अ‍ॅक्सॉनवर अर्ध्या मिलिमीटरच्या थोडं आतच उतरून एक-तृतीयांशाच्या आसपास येतं. त्यामुळे जवळच्या टोकांवर परिणाम, लांबच्यांवर नाही. स्पाइक "आहे किंवा नाही" एवढंच सांगतो, ही समजूत तेव्हापासून जरा सैल झाली.

गुडघ्यावरची हातोडी
दवाखान्याच्या बाजूने भर घालतो.

लॅम्बर्ट-ईटन या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात प्रतिपिंडं मोटर टोकावरच्या पी/क्यू कॅल्शिअम चॅनलांवर हल्ला करतात. चॅनल कमी, म्हणून दर स्पाइकमागे कॅल्शिअम कमी, आणि चौथ्या घातामुळे अ‍ॅसिटिलकोलिन फारच कमी. इथलं नेहमीचं औषध चॅनलांची संख्या वाढवत नाही. ३,४-डायअमिनोपिरिडिन, म्हणजे अ‍ॅमिफॅम्प्रिडिन, पोटॅशिअम चॅनल अडवून स्पाइक रुंद करतं. उरलेले कॅल्शिअम चॅनल जास्त वेळ उघडे राहतात. दिवसातून तीन ते पाच वेळा विभागून देतात, एका वेळी २० मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. तोंडाभोवती आणि बोटांत मुंग्या येणं अगदी नेहमीचं. झटक्यांचा इतिहास असेल तर वर्ज्य. हे औषध एनएटी२ एन्झाइममार्गे निकामी होतं. हळू अ‍ॅसिटिलेशन करणाऱ्यांत त्याच डोसला रक्तातली पातळी बरीच चढते, म्हणून सुरुवात खालून. इथे चौथा घात रुग्णाच्या बाजूने वळतो: वक्राच्या तळाशी असलेल्या टोकाला थोडंसं जास्त कॅल्शिअमही पुष्कळ.

मल्टिपल स्क्लेरोसिसमधलं फॅम्प्रिडिन, म्हणजे हेच ४-एपी, सावकाश सुटणाऱ्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या, १२ तासांच्या अंतराने दोन. गोळी अर्धी करायची नाही, चघळायची नाही. तसं केलं की सगळा डोस एकदम सुटतो आणि झटक्याचा धोका वाढतो. मूत्रपिंडाचं काम मध्यम किंवा जास्त घटलेलं असेल तरी नाही. इथे एक गंमत आहे. या डोसला रक्तातली कमाल पातळी ०.२ मायक्रोमोलरच्या आसपास येते. पॅचपिपेट यांनी वर दिलेले आकडे बघा, दहापट-शंभरपट नव्हे तर त्याहूनही अंतर आहे. मायलिन गेल्याने उघडे पडलेले केव्ही१ अडवून वहन सुधारतं हे पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण, पण या मात्रेला ते कितपत पटतं यावर वाद संपलेला नाही. गोळीने स्रवण वाढलं म्हणून चाल सुधारली, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा.

तिसरं, एपिसोडिक अ‍ॅटॅक्सिया प्रकार १. केसीएनए१ जनुक, म्हणजे केव्ही१.१. १९९४ मध्ये उलगडलं. दचकणं किंवा जोराची हालचाल झाली की काही सेकंद ते काही मिनिटं तोल जातो. मधल्या काळात स्नायूंची बारीक वळवळ चालूच. उंदरातल्या तशाच बदलावर बघितलं तर बास्केट पेशींच्या टोकांतून पर्किंजे पेशींवर जास्त जीएबीए सुटतो. म्हणजे उत्तेजना वाढवणारा दोष, पण सुटतं ते दाबणारं रसायन, आणि पर्किंजे गप्प होतात. "चॅनल गेला म्हणजे मेंदू पेटला" असा सरळ हिशेब करणाऱ्यांसाठी हे उदाहरण आहे.

चौथा घात
पर्किंजेंचं उदाहरण चपखल. पुरवणी: याच आजाराच्या प्रकार २ (पी/क्यू कॅल्शिअम चॅनलचा दोष) मध्ये ४-एपीने तोल जाण्याचे प्रसंग कमी होतात, आणि तिथे मुख्य काम टोकावर नसून पर्किंजे पेशीची अनियमित लय परत नियमित होण्याचं आहे. म्हणजे पोटॅशिअम चॅनल अडल्याचे परिणाम, सेरेबेलममध्येच, दोन वेगळ्या जागी.

निवांत आयन
आणि रक्तातलंच पोटॅशिअम वाढलं तर? मेंदूत स्रवण बदलतं का?

अक्षतंतू
सहसा नाही. रक्तात ३.५ ते ५ मिलिमोलर अशी चढउतार चालते, पण मेंदूतल्या द्रवात ते ३ च्या आसपास घट्ट राखलं जातं. रक्त-मेंदू अडथळा आणि तिथले पंप ते सांभाळतात. रक्तातलं पोटॅशिअम धोकादायक पातळीला गेलं तर आधी हृदय बिघडतं.

मेंदूचं पोटॅशिअम आतूनच वाढतं, दाट फायरिंगमुळे. समतोल व्होल्टेजचा (ज्यावर पोटॅशिअमची निव्वळ ये-जा थांबते) हिशेब करा. पेशीच्या आत १४० मिलिमोलर, तापमान ३७ अंश धरा. बाहेर ३ असेल तर उणे १०३ मिलिव्होल्ट. ६ झालं तर उणे ८४. १० झालं तर उणे ७१. तीव्र फायरिंगमध्ये १० ते १२ हे छत धरतात, त्यापुढे गेलं तर स्प्रेडिंग डिप्रेशनची (फायरिंग ठप्प करत पसरणाऱ्या लाटेची) पाळी. समतोल असा वर सरकला की तोच पोटॅशिअम चॅनल उघडा असूनही त्याचा जोर कमी पडतो आणि उतार सौम्य होतो. अ‍ॅस्ट्रोसाइट या आधारपेशींवरचे केआयआर ४.१ चॅनल हे जास्तीचं पोटॅशिअम शोषून घेतात. ते चॅनल अडवले तर टोकावरच्या एकाही चॅनलला न शिवता स्रवण बदलतं. बेरिअम वापरून हा प्रयोग करणाऱ्यांनी द्रवातला फॉस्फेट आणि सल्फेट काढावा, नाहीतर बेरिअम गाळ होऊन तळाशी बसतो.

न्यूरोमॉड्युलेटरचा, म्हणजे चॅनलांचं वागणं बदलणाऱ्या रसायनांचा, विषय राहिला. अप्लिसिया या समुद्री गोगलगाईत सेरोटोनिन सी-एएमपी आणि प्रोटीन कायनेज ए मार्गे एस-प्रकारचे पोटॅशिअम चॅनल बंद करतं. सिगेलबाउम, कामार्दो आणि कँडेल यांचं १९८२चं काम. स्पाइक रुंद होतो, स्रवण वाढतं. ही संवेदनशील होण्याची अल्पकालीन पायरी. सस्तन प्राण्यांत मात्र जी-प्रथिनांनी टोकावर केलेली दडपणूक मुख्यतः कॅल्शिअम चॅनल दाबून होते. जिर्क चॅनल (जी-प्रथिनांनी उघडणारे पोटॅशिअम चॅनल) सोमा आणि डेंड्राइटवर जास्त कामाला येतात: डोपामिन पेशींवरचे डी२ आणि राफेमधले ५-एचटी१ए ऑटोरिसेप्टर जिर्क उघडून फायरिंगच कमी करतात. स्ट्रायटममधल्या डोपामिन टोकांवर डी२चा काही परिणाम केव्ही१.२ मार्गे जातो, असाही पुरावा आहे. "जीएबीए-बी म्हणजे जिर्क" हे टोकाच्या बाबतीत लिहिण्याआधी दोनदा विचार करा.

निवांत आयन
प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा आला होता.)

निवांत आयन
शेवटचा प्रश्न. सिनॅप्टोसोमवर (मेंदूच्या ऊतीतून वेगळ्या काढलेल्या टोकांवर) ३० मिलिमोलर पोटॅशिअम क्लोराइड देऊन ग्लूटामेट सुटलेलं मोजलं. डेन्ड्रोटॉक्सिनने काहीच फरक पडला नाही. म्हणजे त्या टोकांवर केव्ही१ नाहीत?

पॅचपिपेट
असा अर्थ निघत नाही. ३० मिलिमोलरला पोटॅशिअमचा समतोल उणे ४१ मिलिव्होल्टपाशी येतो. टोक तिथेच अडकून बसतं, सोडिअम चॅनल निष्क्रिय, स्पाइक नाही, उतारही नाही. रुंदी कापणाऱ्या चॅनलला कापायलाच काही उरत नाही, मग तो अडवला काय आणि न अडवला काय. पोटॅशिअम क्लोराइडऐवजी ४-एपी १ मिलिमोलर द्या. त्याने सिनॅप्टोसोमवर आपोआप स्पाइक उठतात. बाजूच्या नळीत तेच टेट्रोडोटॉक्सिनसह करा. टेट्रोडोटॉक्सिनने ग्लूटामेट जितकं घटेल तितका भाग स्पाइकमार्गे सुटलेला. पोटॅशिअम क्लोराइडवाली नळी टेट्रोडोटॉक्सिनला दाद देणार नाही, तोच तुमचा कंट्रोल. तिसऱ्या नळीत बाहेरचं कॅल्शिअम काढून ईजीटीए (उरलंसुरलं कॅल्शिअम बांधणारं) घाला. तिथेही ग्लूटामेट सुटत राहिलं तर ते व्हेसिकलमधलं नसून फुटक्या टोकांतून किंवा उलट चाललेल्या ट्रान्सपोर्टरमधून येतंय, आणि तो आकडा सगळ्या नळ्यांतून वजा करा.

डेन्ड्रोटॉक्सिनचा प्रश्न मग सरळ विचारता येतो. ४-एपीच्या जागी डेन्ड्रोटॉक्सिन एकटं द्या, अल्ब्युमिनसकट, ३७ अंशांवर. त्याने सुटलेलं ग्लूटामेट टेट्रोडोटॉक्सिनने थांबलं, तर केव्ही१ तिथे आहेत आणि टोकाला शांत ठेवण्याचं काम करताहेत. काहीच सुटलं नाही, तर मात्र "नाहीत" म्हणण्याआधी विषाची नवी बाटली घेऊन पुन्हा बघा.